शलाका आणि तन्मय: एका कादंबरीच्या खर्ड्यांच्या नोंदी

१० जून

आजपासून कादंबरीला हात घातला. शलाका, वय १७. तन्मय, वय १८. एकच वर्ग, एका वर्षाचा काळ, दोघांचंही पहिलं प्रेम. प्रकरणं आळीपाळीने एकेकाच्या तोंडून. अंदाज ७०,००० शब्दांचा. छापील पानावर अडीचशे-तीनशे शब्द बसतात, म्हणजे पुस्तक अडीचशे पानांच्या आसपास जाईल.

काय करायचंय ते एका वाक्यात लिहून टेबलासमोर लावलंय: दोघांचं एकमेकांवर खरं प्रेम आहे आणि दोघांनाही ते नीट निभावता येत नाही. घरचे, परिस्थिती, नशीब यांच्यावर दोष ढकलायचा नाही. जे मोडेल ते या दोघांच्याच हातून मोडलं पाहिजे.

या वयातल्या प्रेमाकडे मोठी माणसं एक तर कौतुकाने हसत बघतात, नाही तर काळजीने दटावतात. मला दोन्ही नकोय. सतराव्या वर्षी दुखतं ते पूर्ण दुखतं, आणि कादंबरीने ते तेवढंच पूर्ण मांडावं असं मला मनापासून वाटतं.

नोंदी अशाच वाटेने जाणाऱ्यांसाठी ठेवतेय. जमलेलं पुस्तकात दिसेलच. इथे मुख्यतः न जमलेलं असेल.

२८ जून

पहिली काही प्रकरणं झाली आणि त्यातलं पहिलंच काढून टाकलं. त्यात जिन्यात धक्का लागत होता, वह्या खाली पडत होत्या, दोघं एकदम वाकत होते. वाचायला बरं वाटायचं, पण त्यातून माणूस कळत नव्हता. धक्का कुणालाही लागतो. त्या प्रसंगात शलाकाच्या जागी वर्गातली दुसरी कुठलीही मुलगी ठेवली तरी काही बिघडत नव्हतं. प्रसंग काढायला एवढं कारण पुरे.

नवी सुरुवात अशी. दोघं दोन वर्षं एकाच वर्गात आहेत आणि कधी बोललेले नाहीत. तन्मय आजारपणातून परत येतो आणि राहिलेला भाग उतरवून घ्यायला तिची गणिताची वही नेतो. वही परत येते तेव्हा तीन गणितांवर पेन्सिलीने दुरुस्त्या केलेल्या असतात. कुणी सांगितलेलं नसताना. शलाका रात्री ती तिन्ही गणितं पहिल्यापासून सोडवते. दोन ठिकाणी त्याचं बरोबर असतं, तिथे ती मुकाट्याने खोडून नीट करते. तिसऱ्यात त्याचंच चुकलेलं असतं. त्याखाली ती शाईने लिहिते, ‘चिन्ह बघ.’ आणि दुसऱ्या दिवशी तेवढं पान उघडून वही त्याच्या बाकावर ठेवते.

एवढ्यात दोघं उभे राहिले. त्याला आपलंच बरोबर असण्याची हौस आणि न विचारता हात घालायची सवय. तिला हिशेब चुकता केल्याशिवाय झोप नाही. दोघंही एकमेकांच्या याच गोष्टीवर भाळतात, आणि पुढे जे काही वाईट घडणार ते यातूनच घडणार. आता पुढची प्रत्येक घटना या वहीशी ताडून बघतेय.

१५ जुलै

आवाज बिघडलाय. सगळं परत वाचलं तर शलाका चाळिशीतल्या बाईसारखी बोलतेय. ‘तेव्हा मला कळलं नाही की’, ‘आज मागे वळून पाहताना’, ‘ते वयच तसं असतं’. अशी वाक्यं पानापानावर.

कारण उघड आहे. मला या दोघांची काळजी वाटते, आणि ती काळजी मी त्यांच्या तोंडी घालतेय. वाचकाला आधीच दिलासा देतेय की घाबरू नका, पुढे हिला शहाणपण येणार आहे. पण असा दिलासा मिळाला की धोका संपतो. तरुण वाचकाला तर ते थेट कळतं, की मोठं माणूस आपल्यावर पाळत ठेवून आहे.

आता नियम केला. त्या संध्याकाळपर्यंत त्या व्यक्तीला जेवढं माहीत आहे तेवढंच वाक्यात येईल. एक नमुना ठेवते.

आधी: ‘तो माझ्याकडे न बघता पुढे गेला. लहान वयात अशा गोष्टी किती मोठ्या वाटतात!’

आता: ‘तो माझ्याकडे न बघता पुढे गेला. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. ते मलाच हसले. दुसरं कारणच नव्हतं.’

दुसऱ्या नमुन्यात शलाकाचा अंदाज चुकीचा आहे, आणि तो चुकीचाच ठेवायचाय. सगळे आपल्याकडेच बघतायत, ही या वयाची पक्की खात्री असते. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७मध्ये याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटलं. मला त्या सिद्धांतात शिरायचं नाही, पण लिहिताना एक प्रश्न रोज कामाला आला: या प्रसंगात तिला कोण बघतंय असं वाटतंय, आणि खरं कोण बघतंय? दोन्ही उत्तरं वेगळी आली की पान आपोआप जिवंत होतं.

या दुरुस्तीत जवळजवळ पूर्ण महिना जाईल असं दिसतंय. जाऊ दे. आवाज चुकला असेल तर पुढचं काहीही लिहून उपयोग नाही.

९ ऑगस्ट

काळाचा घोळ. गोष्ट २०१३मध्ये ठेवली होती. सहाव्या प्रकरणात शलाकाला निळ्या खुणा दिसतात: मेसेज वाचलाय आणि उत्तर नाही. सगळं प्रकरण त्या दोन खुणांवर उभं. पण व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आल्या नोव्हेंबर २०१४मध्ये. त्याआधीच्या दोन खुणांचा अर्थ एवढाच, की मेसेज पोचला. पुढे एका ठिकाणी तन्मय पाठवलेला मेसेज दोघांकडून पुसतो. ती सोय तर २०१७ची.

सोपा उपाय होता, साल पुढे न्यायचं. दोन दिवस तसं करून पाहिलं आणि वेगळंच जाणवलं. निळी खूण आली की संशय संपतो: त्याने वाचलंय, उत्तर दिलेलं नाही, विषय मिटला. मला ते प्रेम हवंय ज्यात काहीच खात्रीने कळत नाही. म्हणून गोष्ट उलट मागे नेली, २००९मध्ये, एसएमएसच्या दिवसांत.

त्या काळाने इतकं दिलं की सहा ते नऊ ही सगळी प्रकरणं नव्याने लिहितेय. रोमन अक्षरांत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं बसायची, देवनागरीत फक्त ७०. त्यामुळे ही मुलं मराठी बोलणार आणि रोमनमध्ये लिहिणार. पुस्तकात मात्र त्यांचे मेसेज देवनागरीतच छापायचे असं ठरवलंय, पान वाचताना अडायला नको. पण लांबीची मर्यादा पाळायची. कुठलाही मेसेज रोमनमध्ये टाइप करून मोजते, १६०च्या वर गेला की कापते. या काटछाटीने संवाद सुधारले. तन्मय जिथे चार ओळींत भावना मांडत होता तिथे आता ‘झोपलीस?’ एवढंच उरलंय, आणि ते जास्त खरं आहे. रात्रीचा एक वाजलेला असतो. किशोरवयात झोपेची वेळ शरीरच उशिराकडे ढकलतं, त्यामुळे हे मेसेज रात्रीच व्हायला हवेत, कुणाला मुद्दाम जागं ठेवावं लागत नाही.

सगळ्यात मोठा लाभ म्हणजे भरलेला इनबॉक्स. त्या फोनमध्ये ठरावीकच मेसेज मावायचे. जागा संपली की पाकिटाचं चिन्ह लुकलुकायला लागायचं आणि जुनं काहीतरी पुसल्याशिवाय नवं आत यायचं नाही. मग शलाका काय पुसेल? आधी मैत्रिणींचे मेसेज जातात. मग आईचे, ‘येताना किल्ली घे’ वगैरे. मग शिकवणीची वेळ बदलल्याचा. शेवटी फक्त तन्मयचेच राहतात आणि पाकीट तरी लुकलुकतंच. आता त्याचाच एक पुसून त्याचाच दुसरा आत घ्यायचा. ती ‘हो’ असा एकाक्षरी मेसेज पुसायला घेते आणि थांबते, कारण तो ‘हो’ कशाचं उत्तर होता ते तिला पाठ असतं. हे पान एका बैठकीत झालं आणि त्यातला एकही शब्द अजून बदलावासा वाटलेला नाही.

६ सप्टेंबर

मधला भाग पडला.

खर्डा ३१,००० शब्दांवर होता. दोघं दुरावतात ते असं: तन्मयचा एक मेसेज शलाकाला मिळतच नाही, ती वाट बघते, तो तिला दुसऱ्याच मुलासोबत बोलताना बघतो, दोघं रुसतात. तिथून पुढे आठ प्रकरणं नुसती रुसण्याची. लिहिताना प्रत्येक पानावर ताण द्यावा लागत होता. कधी फोन बंद, कधी मैत्रीण निरोप द्यायला विसरली, कधी पाऊस. दोघांनी पाच मिनिटं समोरासमोर बोलू नये म्हणून मी सगळं जग कामाला लावलं होतं.

गैरसमज हा कुणाचाच दोष नसतो. तो मिटला की दोघं होते तसेच परत. मग कुणी बदलायचं कशाला? आणि कुणी बदललंच नाही तर मोठं होण्याची गोष्ट ती कसली? टेबलासमोरचं वाक्य रोज डोळ्यांसमोर होतं, पण गोष्टीत मात्र सगळं नेटवर्कच्या माथी मारलं जात होतं.

आठही प्रकरणं काढली. साधारण १४,००० शब्द. वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेत. त्यातली तन्मयच्या बहिणीची दोन पानं पुढे कामी येतील, बाकीचं नाही.

२१ सप्टेंबर

मोडायचंय ते कशाने, याचा शोध चालू. वही पुन्हा समोर घेतली. न विचारता हात घालणारा मुलगा. अशा मुलाच्या हातून दुसऱ्याचं काय बिघडेल?

शलाका वर्गात मोठ्याने वाचताना अडखळते. ठरावीक अक्षरांवर. हे तिने कुणाला सांगितलेलं नाही, पण एका रात्री तन्मयला लिहिलंय: आपला नंबर कधी येणार ते मोजून ती परिच्छेद आधी ठरवते आणि घरी दार लावून तो दहा-दहा वेळा म्हणते. हा तिने त्याला दिलेला सगळ्यात मोठा विश्वास. आणि तन्मय तो मित्रांसमोर वाचून दाखवतो.

पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तो दुष्ट वाटला. वाचकाने तिथेच पुस्तक मिटलं असतं. दुसऱ्या वेळी त्याला मित्रांनी भरीला पाडलं, तर तो बिचारा झाला आणि दोष पुन्हा दुसऱ्यावर गेला. जमलं ते प्रसंग अगदी लहान पायऱ्यांत तोडल्यावर.

मित्र म्हणतात, तुला कोण मेसेज करणार? तो फक्त नाव दाखवतो. ते म्हणतात, नाव काय, कुणीही सेव्ह करेल. तो मेसेजची पहिली ओळ वाचतो. कुणी हसत नाही, उलट सगळे गप्प होऊन ऐकतात, आणि ती शांतता त्याला आवडते. तो पुढे वाचतो. मग एकजण विचारतो, म्हणजे कशी अडखळते? तन्मय एकदाच, एकच शब्द, तिच्यासारखा म्हणून दाखवतो. आता सगळे हसतात. तोही हसतो. फोन खिशात ठेवताना त्याचा हात गरम झालेला असतो.

कुठल्याही पायरीवर त्याला थांबता आलं असतं. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा जराशीच पुढे आहे. एकटा असताना त्याने हे कधीच केलं नसतं, हेही तितकंच खरं. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या २००५च्या प्रयोगात हेच दिसलं होतं: गाडी चालवण्याच्या खेळात बरोबरीची मंडळी सोबत असली की किशोरवयीन मुलं एकट्याने खेळताना घेतात त्यापेक्षा बराच जास्त धोका पत्करायची. चोविशीच्या पुढच्यांवर तसा परिणाम दिसला नाही. मला यातून तन्मयसाठी माफी शोधायची नव्हती. शांततेची ती चव त्याला कशी लागते, तेवढं नेमकं लिहायचं होतं.

परिणामही लहानच ठेवला. दोन दिवसांनी शलाका वर्गात वाचायला उभी राहते, एका शब्दावर अडते, आणि मागून कुणीतरी तो शब्द हलक्या आवाजात पूर्ण करतं. चेष्टेने नाही, जवळजवळ मदतीच्या सुरात. त्यावरून तिला कळतं.

२९ सप्टेंबर

तिला त्याआधीच एका अनोळखी नंबरवरून इशारा मिळावा, असंही ठरलं. तिथे व्याकरण आडवं आलं. पाठवणारा मुलगा की मुलगी हे वाचकाला कळता कामा नये, पण मराठीत ‘मी तिथे होतो’ लिहिलं की संपलं. ‘जातो’, ‘बघतोय’, ‘म्हणायचो’, सगळी चुगलखोर रूपं. सुटका ‘पाहिलं’, ‘ऐकलं’, ‘वाचलं’ अशा रूपांत आणि ‘सांगेन’, ‘येईन’ अशा भविष्यकाळात मिळते. तयार झालेला मेसेज: ‘तुझा तो मेसेज तन्मयने सगळ्यांसमोर वाचला. मी ऐकलं. मलाही हसू आलं. सॉरी.’

आळीपाळीच्या निवेदनात हीच अडचण सोय होते. पहिल्याच वाक्यात ‘उठलो’ किंवा ‘उठले’ आलं की प्रकरण कुणाचं ते वेगळं सांगावं लागत नाही. प्रकरणांवरची नावं काढून टाकली.

१७ ऑक्टोबर

माफीचं प्रकरण. भाचीला वाचायला दिलं. ती १९ वर्षांची आहे, भरपूर वाचते आणि माझी भीड ठेवत नाही. दोन पानं वाचून म्हणाली, “मावशी, हा माफी मागत नाहीये, भाषण करतोय.”

खरंच होतं. तन्मय स्वतःच्या वागण्याची कारणं नीट उलगडून सांगत होता, तिला काय वाटलं असेल तेही त्यानेच सांगून टाकलं होतं. इतकं ज्याला कळतं तो मुळात असं वागणारच नाही. आता तो तीन वाक्यं बोलतो. पहिलं, “मी फक्त एकदाच वाचला.” दुसरं, “ते तुला चांगलंच म्हणत होते.” तिसरं, “तू पण काहीतरी बोल ना.” तिन्ही चुकीची. शेवटच्या वाक्यात तर त्याने स्वतःला सावरायचं कामही तिच्यावरच टाकलंय. ती काहीच बोलत नाही. नऊ पानांचं प्रकरण साडेचार पानांवर आलं.

त्याच बैठकीत भाचीने दुसरी एक गोष्ट दाखवली आणि ती याहून गंभीर आहे. माफी न मिळाल्यावर तन्मय रात्रभर शलाकाच्या खिडकीखाली उभा राहतो, पावसात, असं मी लिहिलं होतं. माझ्या डोक्यात ते त्याच्या पश्चात्तापाचं दृश्य होतं. भाची म्हणाली, “माझ्या खिडकीखाली कुणी असं उभं राहिलं तर मी आधी बाबांना उठवेन. तिने तर सांगितलंय ना, येऊ नकोस म्हणून?”

दृश्य त्याच दिवशी काढलं. त्यानंतर सगळा खर्डा याच एका नजरेने वाचला आणि आणखी जागा सापडल्या. तिने नाही म्हटल्यावर तिच्या मैत्रिणीकडून नंबर मिळवणं. ‘कुणाशी बोलत होतीस?’ हा प्रश्न, आणि त्यावर तिचं सुखावणं. तिचा फोन हातात घेऊन मेसेज चाळणं, तेही लाडात. असे प्रसंग आपल्या हातून सहज लिहिले जातात, कारण प्रेमाच्या गोष्टींत ते वर्षानुवर्षं प्रेम म्हणूनच आलेत. प्रेम अपुरं असणं वेगळं आणि धाक असणं वेगळं. मुलं चुकोत, कादंबरीने त्यांच्या चुकीला सजवू नये. काही प्रसंग पूर्ण काढले. फोन चाळण्याचा ठेवला, पण आता शलाका तो त्याच्या हातातून परत घेते, त्या संध्याकाळी नीट बोलत नाही, आणि तन्मयला कारण कळत नाही. वाचकाला कळतं.

५ नोव्हेंबर

शलाका फार चांगली झालीय. दुखावलेली, गप्प, सहन करणारी. अशाने ही दोघांची गोष्ट राहत नाही, एका मुलाच्या अपराधाची होते.

हिशेब चुकता करायची तिची सवय कामाला लावली. तन्मयने चाचणी परीक्षेत एका विषयात नापास झाल्याचं घरी लपवलंय आणि ते फक्त तिला माहीत आहे. ती त्याच्या ताईला मेसेज करते. रागाच्या भरात नाही. तीन दिवस मेसेज लिहून ठेवते, अक्षरं मोजते, मग पाठवते. हे तीन दिवस महत्त्वाचे. त्याचं वागणं त्या क्षणाचं होतं, तिचं ठरवून केलेलं.

दोन्ही चुका समान आहेत का, हा प्रश्न कादंबरीत कुणीही विचारणार नाही आणि मीही पारडी सारखी करायला बसणार नाही. वाचकांची यावर भांडणं झाली तर मला आवडेल.

ताईचं पात्र यामुळे वाढलं. काढलेल्या प्रकरणांतली ती दोन पानं इथे बसली. तिला सगळं कळतं, ती घरी सांगत नाही, पण तन्मयला मेसेज दाखवते आणि म्हणते, “हिला तुझ्याबद्दल एवढं माहीत होतं?” बस.

१४ डिसेंबर

दुसरा खर्डा कागदावर काढून वाचला. पडद्यावर न दिसलेलं कागदावर दिसतं, त्याला पर्याय नाही.

‘डोळे’ दोनशेच्या वर. ‘हृदय’ धडधडणं, थांबणं, ठोका चुकणं, असं मिळून पन्नासच्या आसपास. प्रेमाच्या गोष्टीत शरीराची ही तयार वाक्यं हाताशी असतात म्हणून येतात, आणि वाचकावर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. निम्म्याहून जास्त काढली. जिथे काहीतरी हवंच होतं तिथे त्या माणसाच्या हाताला काम दिलं: ती पेनाचं टोपण चावते, तो बाकावरचं कोरलेलं नाव नखाने आणखी खोल करतो.

शोधताना एक अडचण आली, इतरांचाही वेळ वाचेल म्हणून लिहिते. ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘बऱ्याच’ हे शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतात. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. दिसायला दोन्ही अगदी सारखे, पण शोधायला गेलं की एक प्रकार सापडतो आणि दुसरा सुटतो. माझ्या खर्ड्यात फोनवर टाइप केलेले भाग आणि संगणकावर टाइप केलेले भाग असे वेगळे निघाले. आधी सगळं एका प्रकारात आणून घ्यावं, मगच शोध आणि बदल.

घरच्यांची प्रकरणं जवळजवळ जशीच्या तशी राहिली. तिथे काही अडलं नाही.

११ जानेवारी

शेवट.

पहिल्या आराखड्यात अपघात होता. तन्मय रुग्णालयात, शलाका धावत येते, सगळं माफ. अपघाताने लेखकाची सुटका होते, पात्रांची नाही. मरणाच्या दारात कुणीही कुणालाही माफ करेल. तो शेवट कधीच काढला.

दुसरा शेवट दहा वर्षांनंतरचा, एका लग्नात भेट. लिहायला फार गोड लागला. पण जुलैत हाकलून दिलेला मोठ्या माणसाचा शहाणा आवाज त्या दाराने परत आत आला. शलाका पुन्हा ‘आता कळतं की’ म्हणायला लागली. तोही काढला.

मुख्य अडचण ही होती: दोघं एकत्र येत नाहीत हे मला पहिल्यापासून माहीत होतं, पण मोठे झाले हे कशावरून? ‘मी बदललोय’ असं म्हटल्याने कुणी बदलत नाही. मग सप्टेंबरमधल्या प्रसंगाकडे परत गेले. तेच मित्र, तीच जागा. या वेळी दुसऱ्याच एका मुलाचा फोन हातोहात फिरतोय आणि त्यात कुणा मुलीचा मेसेज आहे. फोन तन्मयच्या हातात येतो. सगळे म्हणतात, वाच. तो फोन ज्याचा त्याला परत देतो आणि म्हणतो, “चल, उशीर झालाय.” कुणी काही बोलत नाही, कुणाला त्यात विशेष काही दिसतही नाही.

आधीच्या खर्ड्यात हे एक मित्र शलाकाला जाऊन सांगत होता आणि ती हळवी होत होती. ते काढताना जिवावर आलं. पण तिला कळलं तर त्याच्या वागण्याला बक्षीस मिळतं, आणि मग तो बक्षिसासाठी वागला की काय अशी शंका राहते. शलाकाला हे कधीच कळत नाही. वाचक आणि तन्मय, दोघांनाच माहीत.

तिचा बदल वेगळा. ती वर्गात नंबर न मोजता वाचायला उभी राहते, अडखळते, मागून कुणी शब्द पुरवतं तेव्हा म्हणते, “थांब, मी म्हणते.” आणि तो शब्द पूर्ण करते, वेळ घेऊन. अडखळणं बरं होत नाही, तसं करायचंही नव्हतं.

यानंतर दोघांची एकच भेट आहे. ती ताईला पाठवलेल्या मेसेजबद्दल बोलते, तो ऐकतो. तो विचारतो, “पुन्हा बोलूया का आपण, पहिल्यासारखं?” ती म्हणते, “नाही.” तो “बरं” म्हणतो आणि दुसऱ्यांदा विचारत नाही. त्या ‘बरं’च्या आधी त्याच्या मनातलं एक लांब वाक्य होतं. भाचीने त्यावर पेन्सिलीने काट मारली आणि मी ती मान्य केली.

२६ फेब्रुवारी

तिसरा खर्डा ६६,००० शब्दांवर थांबलाय. लिहिलेल्यातलं एकूण २५,००० शब्दांच्या आसपास बाहेर गेलं, त्यातलं बहुतेक सप्टेंबरचं. वेळेचा सगळ्यात मोठा भाग आवाज दुरुस्त करण्यात आणि मधला भाग पाडून परत उभा करण्यात गेला. सुरुवातीलाच ‘कोण काय चूक करणार, आणि ती त्याच्या कुठल्या स्वभावातून’ एवढं कागदावर असतं तर ती आठ प्रकरणं लिहिली गेली नसती. नव्याने हात घालणाऱ्याने कथानकाच्या आधी तेवढं लिहून घ्यावं.

प्रत तीन वाचकांकडे गेलीय: भाची, एक शिक्षिका मैत्रीण, आणि लहानपणापासून अडखळत बोलणारे एक स्नेही. वर्गातल्या वाचनाचे प्रसंग त्यांनी आधी बघावेत अशी विनंती केली होती. त्यांचं पहिलं उत्तर आलंय. अडण्याच्या जागी मी सगळीकडे पहिलं अक्षर दोन-तीनदा लिहिलंय, ‘प-प-पण’ असं. ते म्हणतात, त्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा आवाजच निघत नाही, तोंड तयार असतं आणि शब्द बाहेर येत नाही. आणि समोरच्याने शब्द पुरवला की सुटका वाटत नाही, राग येतो. रागाचं मी धरलं होतं, आवाज न निघण्याचं नाही.

म्हणजे वाचनाचे सगळे प्रसंग परत. तन्मय नक्कल करतो तिथेही बदल लागेल, कारण न निघणाऱ्या आवाजाची नक्कल कशी करणार? कदाचित तो फक्त तोंड उघडून थांबतो. ते जास्त क्रूर होईल, आणि बहुधा तेच बरोबर आहे. उद्यापासून तिथून सुरुवात.